अंतराळाचे फोटो काढतात की बनवतात?

२०२५ च्या १ जुलैला चिलीमधल्या ॲटलस दुर्बिणीला एक धूमकेतू सापडला. थ्रीआय/ॲटलस हे त्याचं नाव, आणि दुसऱ्या कुठल्यातरी ताऱ्याकडून निघून आपल्या सूर्यमालेत शिरलेला, आपल्याला माहीत असलेला तो फक्त तिसराच पाहुणा, त्यामुळे बातम्या जोरात झाल्या. पुढचे काही महिने मोबाईलवर त्याचे एकाहून एक झकास व्हिडिओ फिरत होते, हिरवट निळा पेटलेला गोळा, लांबलचक शेपटी आणि कॅमेरा त्याच्याभोवती आरामात गोल फिरतोय. मग १९ नोव्हेंबरला नासाने मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने टिपलेला फोटो दाखवला आणि त्यात होता एक धूसर पांढरा ठिपका. लोक वैतागले, काहीतरी लपवतायत असं म्हणायला लागले.

लपवलेलं काही नव्हतं. तो फोटो मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या हायराईज कॅमेऱ्याने २ ऑक्टोबरला साधारण ३ कोटी किलोमीटरवरून काढलेला. एवढ्या लांबून या कॅमेऱ्याच्या एका पिक्सेलमध्ये जवळपास ३० किलोमीटर मावतात आणि अंतराळात फिरणाऱ्या हबल दुर्बिणीच्या मोजमापानुसार धूमकेतूचा घन गाभा जास्तीत जास्त साडेपाच किलोमीटरच्या आसपास. म्हणजे गाभा एका पिक्सेलपेक्षाही लहान, जे दिसतंय ते त्याच्याभोवतीचं धूळ आणि वायूचं आवरण. ठिपका हेच खरं मोजमाप होतं, आणि ते झकास व्हिडिओ कॉम्प्युटरवर रचलेले होते.

पण "ठिपका खरा, रंगीत ते सगळं खोटं" असं म्हणून मोकळंही होता येत नाही. कारण हबल आणि वेब या अंतराळातल्या दुर्बिणींचे जे फोटो आपण वॉलपेपर म्हणून लावतो तेसुद्धा बनवलेलेच असतात, फक्त ते बनवणं वेगळ्या जातीचं असतं. फोटो खरा की खोटा हा प्रश्न इथे फार कामाचा नाही. चित्राखाली मोजमाप किती आहे, त्यावर माणसाने कुठले निर्णय घेतलेत आणि ते निर्णय सांगितलेत का, हे विचारायला हवं.

कॅमेऱ्याला मुळात रंग कळतच नाहीत

डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे लाखो बारीक चौकोन. प्रत्येक चौकोन एकच काम करतो, आपल्यावर प्रकाशाचे किती कण पडले ते मोजतो. कण लाल होता की निळा हे त्याला समजत नाही, येतो तो फक्त आकडा. आपल्या फोनमध्ये या चौकोनांवर रंगीत काचेसारखे बारीक फिल्टर बसवलेले असतात, निम्मे हिरवे, पाव लाल, पाव निळे, आणि मधले रंग सॉफ्टवेअर शेजारच्या आकड्यांवरून ठरवतं. म्हणजे आपण कुणाच्या वाढदिवसाचा फोटो काढतो त्यातले रंगसुद्धा हिशोब करूनच आलेले असतात.

मोठ्या दुर्बिणी हे जरा वेगळं करतात. तिथे अख्ख्या सेन्सरसमोर एका वेळी एकच फिल्टर येतो, आधी लाल, मग हिरवा, मग निळा, आणि प्रत्येक वेळी मिळतो एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो. शनीभोवती १३ वर्षं फिरलेल्या कॅसिनी यानाचे रंगीत फोटो असेच, वेगवेगळ्या फिल्टरचे फोटो पृथ्वीवर आल्यावर एकावर एक बसवून केलेले.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण १९६५ चं आहे. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि २०० गुणिले २०० पिक्सेलचे फोटो आकड्यांच्या रूपात हळूहळू पाठवायला लागलं. कॉम्प्युटर त्या आकड्यांचं चित्र करेपर्यंत नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या इंजिनिअर लोकांना धीर निघेना, मग त्यांनी आकडे छापलेल्या कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावल्या, पेस्टल खडू आणले आणि अमुक ते तमुक आकड्याला हा रंग असं ठरवून चित्र हाताने रंगवलं. यानाने जवळून टिपलेला मंगळाचा तो पहिला फोटो, त्यातला प्रत्येक रंग माणसाने निवडलेला आणि तरीही प्रत्येक रंगाच्या खाली यानाने मोजलेला एक आकडा. आजही काम तेच चालतं, खडूंच्या जागी सॉफ्टवेअर आलंय एवढंच.

मग हौशी लोक कसे काढतात? एक क्लिक आणि झालं?

नाही, अजिबात नाही. तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांमधल्या जागेतले वायू आणि धुळीचे ढग, आणि ते इतके मंद असतात की त्यांचा प्रकाश मिनिटंच्या मिनिटं किंवा तासन्तास गोळा करावा लागतो. त्यात पृथ्वी फिरतेय, आकाश तासाला १५ अंश सरकतंय, त्यामुळे साधा ट्रायपॉड आणि ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर दहाएक सेकंदांतच ताऱ्यांच्या ठिपक्यांच्या रेघा व्हायला लागतात. म्हणून ट्रॅकर लागतो, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याच्या उलट दिशेने त्याच वेगाने कॅमेरा फिरवणारी मोटर.

तरीसुद्धा एकच लांब फोटो कुणी काढत नाही. छोटे छोटे शेकडो फोटो काढायचे आणि मग ते जोडायचे, याला स्टॅकिंग म्हणतात. कारण असं की प्रत्येक फोटोत नॉइज असतो, म्हणजे ते दाणेदार रँडम ठिपके, आणि नॉइज दर फोटोत वेगळ्या जागी पडतो पण तेजोमेघ मात्र त्याच जागी राहतो. सरासरी काढली की रँडम गोष्टी एकमेकांना खोडतात आणि खरी गोष्ट उरते. गणित वर्गमुळाचं आहे, १६ फोटो जोडले तर नॉइज चौथ्या हिश्श्यावर येतो, १०० जोडले तर दहाव्या. म्हणजे चित्र दुप्पट स्वच्छ हवं असेल तर चौपट वेळ आकाशाखाली बसायचं, आणि म्हणूनच हे लोक एकाच तेजोमेघावर कित्येक रात्री घालवतात. मधूनच विमान किंवा सॅटेलाइट गेलं तर त्याची रेघ एकाच फोटोत असते, सॉफ्टवेअर तिला परकी म्हणून काढून टाकतं.

याशिवाय लेन्सला झाकण लावून काढलेले फोटो असतात, ते डार्क फ्रेम, त्यावरून सेन्सरचा स्वतःचा दोष कळतो आणि तो वजा होतो. एकसारख्या उजेडाचे फ्लॅट फ्रेम असतात, त्यावरून लेन्सवरची धूळ आणि कडांचा काळपटपणा कळतो. ही सगळी कामं बघणाऱ्याला फसवण्यासाठी नसून उपकरणाने केलेली फसवणूक काढून टाकण्यासाठी आहेत, आणि लोक जेव्हा "एडिट केलाय" असं एका शब्दात निकालात काढतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

एवढं करून फाइल उघडली तर स्क्रीन जवळपास काळीच दिसते. कारण तारे फार प्रखर, तेजोमेघ फार मंद, आणि दोन्ही एकाच मोजपट्टीवर बसवले की मंद गोष्ट काळ्यातच बुडते. मग मंद भाग वर ओढायचा आणि प्रखर भाग दाबून ठेवायचा, याला स्ट्रेचिंग म्हणतात, आणि माणसाची आवडनिवड खऱ्या अर्थाने सुरू होते ती इथून. किती ओढायचं याचं एक बरोबर उत्तर नाहीये. एकाच डेटावरून दोन माणसं दोन वेगळी चित्रं करतील आणि दोघंही प्रामाणिक असतील.

ग्रहांचं तंत्र वेगळं. गुरू, शनी प्रखर असतात, त्यांना तास लागत नाहीत, पण हवेच्या हलण्याने ते सतत थरथरतात. म्हणून व्हिडिओ काढून हजारो फ्रेम घ्यायच्या आणि त्यातल्या ज्या क्षणी हवा शांत होती तेवढ्याच निवडून जोडायच्या.

रंग मात्र खोटेच ना?

आता मुख्य शंका. हबलचा ‘पिलर्स ऑफ क्रिएशन’ हा १९९५ चा फोटो बहुतेकांनी पाहिलाय, ईगल नेब्युला या तेजोमेघातले धुळीचे उंच खांब, साधारण साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचे. त्यात गंधकाचा प्रकाश लाल दाखवलाय, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा. प्रत्यक्षात हायड्रोजनचा तो प्रकाश हिरवा नाहीच, त्याची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, म्हणजे चक्क लाल. गंधकाची ६७२ च्या आसपास, तोही लालच. दोन्ही खऱ्या रंगात दाखवले असते तर लालावर लाल बसून कुठला वायू कुठे आहे ते काहीच कळलं नसतं. म्हणून सगळ्यात लांब तरंगलांबीला लाल, मधलीला हिरवा आणि सगळ्यात छोटीला निळा असं वाटप केलं. क्रम निसर्गाचाच ठेवला, फक्त एकमेकांना चिकटलेले रंग लांब लांब केले.

वेब दुर्बिणीचं तर त्याच्याही पुढचं आहे. तिला दिसतं ते बहुतेक इन्फ्रारेड, म्हणजे लालाच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. तिथे "खरा रंग" दाखवायचा म्हटलं तर बराचसा भाग काळाच ठेवावा लागेल. मग काय करतात ते गाण्याच्या पट्टीवरून बघा. एखादं गाणं आपल्याला पेलणार नाही इतक्या उंच पट्टीत असेल तर आपण पट्टी खाली आणतो, सगळे सूर बदलतात पण सुरांमधली अंतरं तीच राहतात आणि चाल ओळखू येते. वेबच्या फोटोत अख्खं इन्फ्रारेड असं उचलून आपल्या डोळ्यांच्या पट्टीत आणलेलं असतं, आणि कुठला फिल्टर कुठल्या रंगात टाकला ते फोटोसोबत लिहिलेलं असतं. अशा रंगांना फॉल्स कलर म्हणतात, नाव ऐकून फसवणूक वाटते पण अर्थ एवढाच की रंग माहिती दाखवायला नेमून दिलाय.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न म्हणजे मी स्वतः यानात बसून तिथे गेलो तर काय दिसेल? उत्तर थोडं निराश करणारं आहे. मंद उजेडात डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाहीत आणि लाल प्रकाश तर त्यांना जवळपास दिसतच नाही. मृग नक्षत्रातला तेजोमेघ फोटोत गुलाबी असतो पण छोट्या दुर्बिणीतून करडा, फार तर हिरवट दिसतो तो यामुळेच. जवळ गेलं तर उजळ दिसेल असं वाटतं, तेही होत नाही, कारण जवळ गेल्यावर प्रकाश जितका वाढतो तितकाच तेजोमेघ आकाशात पसरून मोठा होतो, त्यामुळे त्याचा प्रत्येक तुकडा तेवढाच मंद राहतो. "डोळ्यांना दिसेल तसं" ही कसोटी तेजोमेघांना लावली तर हाती करड्या धुक्याशिवाय फारसं काही लागणार नाही.

पण रंगांनी दिशाभूल कधी झालीच नाही का?

झालीये, आणि ती सांगितलीच पाहिजे. १९८९ मध्ये व्हॉयेजर २ नेपच्यूनजवळून गेलं आणि नेपच्यून गडद निळा हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, पाठ्यपुस्तकं, पोस्टर, सगळीकडे तेच. त्या फोटोंमध्ये ढग आणि पट्टे नीट दिसावेत म्हणून कॉन्ट्रास्ट वाढवलेला होता, त्यामुळे निळा रंग गडद झाला. शास्त्रज्ञांना हे माहीत होतं, तेव्हाच्या माहितीत लिहिलेलंही होतं, पण फोटो जगभर फिरत राहिला आणि खालची ओळ वाटेत गळून पडली. २०२४ च्या जानेवारीत ऑक्सफर्डच्या पॅट्रिक अर्विन यांच्या टीमने जुने फोटो नव्याने रंग जुळवून दाखवले तेव्हा कळलं की युरेनस आणि नेपच्यून दोघंही बऱ्यापैकी सारखे, फिकट हिरवट निळे आहेत, नेपच्यून किंचित जास्त निळा. माझ्या मते दोष रंग वाढवण्यात नव्हता, कॅप्शन सुटण्यात होता.

कृष्णविवराचा फोटो, तो फोटो की गणित?

१० एप्रिल २०१९ ला एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं चित्र आलं, नारिंगी कडं आणि मधे काळोख. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचं, ६५० कोटी सूर्यांच्या वजनाचं. हे चित्र कुठल्याही एका दुर्बिणीने काढलेलं नाही. एप्रिल २०१७ मध्ये जगभरातल्या आठ रेडिओ दुर्बिणींनी मिळून मोजमापं घेतली, डेटा इतका झाला की इंटरनेटवरून पाठवणं शक्य नव्हतं, हार्ड डिस्क विमानाने न्याव्या लागल्या आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्कसाठी तर तिथला हिवाळा संपेपर्यंत थांबावं लागलं.

पण पृथ्वीवर आठ दुर्बिणी म्हणजे पृथ्वीएवढी अखंड दुर्बीण नव्हे, मधे भरपूर जागा रिकामी राहते, आणि अर्धवट मोजमापांत बसू शकतील अशी अनेक चित्रं असतात. त्यातलं कुठलं निवडायचं? तर चार टीम केल्या, त्यांना एकमेकांशी न बोलता स्वतंत्रपणे चित्र काढायला लावलं आणि चौघांकडेही कडंच आलं, खालची बाजू जास्त उजळ असलेलं. नारिंगी रंग मात्र माणसांनी निवडला, १.३ मिलिमीटरच्या रेडिओ लहरींना रंग नसतोच, जिथे लहरी जास्त तीव्र तिथे उजळ एवढाच त्याचा अर्थ.

आणि गंमत म्हणजे या चित्राचं भाकीत चाळीस वर्षं आधी झालेलं होतं. १९७९ मध्ये झाँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञाने पंचकार्डवर चालणाऱ्या आयबीएम ७०४० कॉम्प्युटरवर कृष्णविवराभोवती प्रकाश कसा वळेल याचा हिशोब केला, आणि चित्र छापायची सोय नसल्याने शाईचे हजारो ठिपके स्वतःच्या हाताने देऊन ते काढलं. त्यातही एक बाजू उजळ होती, कारण तिकडचा वायू आपल्या दिशेने येतोय.

आता ॲनिमेशनकडे

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो कारण ॲनिमेशन या एकाच शब्दाखाली अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

२३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरताना स्क्रीनवर लँडर बाहेरून दिसत होतं, ते ॲनिमेशन होतं, कारण बाहेर उभं राहून शूट करायला तिथे कुणी नव्हतं. पण सोबत दिसणारे उंचीचे, वेगाचे आकडे लँडरकडून येत होते. लँडरच्या स्वतःच्या कॅमेऱ्याचा उतरतानाचा व्हिडिओ नंतर आला. "लँडिंग ॲनिमेशन होतं म्हणजे लँडिंग झालंच नाही" हा तर्क म्हणूनच उभा राहत नाही, चित्र रचलेलं होतं पण घटना मोजलेली होती.

तेजोमेघाच्या आतून उडत जाणारे व्हिडिओ वेगळे. मूळ फोटो सपाट असतो, त्यातून तारे वेगळे काढतात, ढगांचे थर वेगळे करतात आणि थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पुढेमागे मांडतात. ताऱ्यांच्या अंतरांसाठी आता उत्तम आधार आहे, युरोपच्या गाया दुर्बिणीने १०० कोटींहून जास्त तारे मोजलेत. पण ढगाचा कुठला भाग नेमका किती पुढे हे बऱ्याचदा अभ्यासपूर्ण अंदाजानेच ठरतं. मग त्यातून कॅमेरा जातो काही सेकंदांत, तेवढं अंतर कापायला प्रकाशालाही वर्षं लागतात, तेव्हा वेग तर शंभर टक्के कल्पनेतला.

तिसरी गोष्ट सिम्युलेशन, म्हणजे भौतिकशास्त्राची समीकरणं कॉम्प्युटरला देऊन काय होतं ते बघणं. २०१४ च्या ‘इंटरस्टेलर’ सिनेमातलं कृष्णविवर असंच तयार झालं, किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाने समीकरणं दिली, इफेक्ट्सवाल्या टीमने त्यावर प्रोग्राम लिहिला आणि काही फ्रेमना १०० तासांपर्यंत लागले. तरीही तिथे एक सूट घेतली. ल्युमिनेंच्या चित्रात एक बाजू उजळ आणि दुसरी मंद होती ना, ते प्रेक्षक गोंधळतील म्हणून काढून टाकलं. शास्त्र खरं पण निर्णय दिग्दर्शनाचा, हे दोन्ही एकाच फ्रेममध्ये असू शकतं.

आणि शेवटी निव्वळ कल्पनाचित्रं. २०१७ च्या फेब्रुवारीत ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ ताऱ्याभोवती सात ग्रह असल्याचं जाहीर झालं आणि पाणी, बर्फ, ढग असलेले सात सुंदर गोळे सगळीकडे छापून आले. प्रत्यक्ष डेटा काय होता? ग्रह समोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश जरासा कमी होतो, त्या घटीचा ग्राफ. त्यावरून ग्रहाचा आकार आणि फेरीचा काळ कळतो, समुद्र दिसत नाहीत. आपल्या आकाशगंगेचा बाहेरून काढलेला प्रत्येक "फोटो"सुद्धा असाच, कारण ती साधारण एक लाख प्रकाशवर्षं रुंद आहे आणि १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर १ आत्ताशी एक प्रकाशदिवसाच्या आसपास पोचतंय. बाहेर जाऊन कॅमेरा फिरवलेला नाही कुणी.

एआय आल्यावर कसं ओळखायचं?

कठीण झालंय हे खरं. २०२३ मध्ये एका फोनबद्दल मोठा वाद झाला, एका माणसाने चंद्राचं मुद्दाम धूसर केलेलं चित्र मॉनिटरवर लावलं, फोनने त्याचा फोटो काढला आणि मूळ चित्रात नसलेले बारीक तपशील फोटोत उमटले. स्टॅकिंग आणि हे यातला फरक नीट समजून घ्या, स्टॅकिंग तुमच्याच कॅमेऱ्यावर पडलेला प्रकाश स्वच्छ करतं, आणि इथे फोनने चंद्र कसा दिसतो हे आधी शिकलेलं होतं ते वर भरलं. हौशी लोक वापरतात त्या नॉइज काढणाऱ्या एआय टूललाही हाच धोका आहे, थोडं वापरलं तर ठीक, जास्त ओढलं तर नसलेले धागेदोरे तयार होतात.

काही खुणा उपयोगी पडतात. वेबच्या आरशांच्या रचनेमुळे प्रखर ताऱ्यांना सहा मोठे आणि दोन छोटे काटे येतात, हबलच्या ताऱ्यांना चार, आणि एकाच फोटोत ते सगळ्या ताऱ्यांना सारख्याच दिशेने असतात. बनावट चित्रात ते बऱ्याचदा तिसरीकडेच वळलेले सापडतात. पण खुणांपेक्षा माहिती जास्त भरवशाची. खऱ्या फोटोसोबत कुठली दुर्बीण, कुठला कॅमेरा, कधी, कुठले फिल्टर हे मिळतंच. रचलेल्या चित्राखाली जबाबदार संस्था "आर्टिस्ट्स कन्सेप्ट", "इलस्ट्रेशन" किंवा "व्हिज्युअलायझेशन" असं लिहितात. यातलं काहीच नसेल तर तो फॉरवर्ड पुढे पाठवू नका.

विश्वास ठेवायचा नसेल तर स्वतः करून बघा

या क्षेत्राची ही बाजू मला सगळ्यात जास्त भावते. हबल आणि वेबचा डेटा मास्ट नावाच्या अर्काइव्हमध्ये असतो, काही निरीक्षणं वर्षभरापर्यंत त्या त्या शास्त्रज्ञांकडे राहतात आणि मग सगळ्यांना खुली होतात. गुरूजवळच्या जुनो यानाच्या कॅमेऱ्याचे कच्चे फोटो तर लोकांनीच प्रोसेस करावेत म्हणून टाकले जातात आणि गुरूच्या वादळांची जी चित्रं व्हायरल होतात त्यातली बरीच हौशी लोकांनी केलेली आहेत.

फाइल फिट्स नावाच्या फॉरमॅटमध्ये येतात, त्या उघडायला सिरिल हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. सुरुवात १९९५ च्या त्या खांबांपासूनच करा. एफ६७३एन, एफ६५६एन आणि एफ५०२एन या फिल्टरच्या फाइल शोधा, नावातला आकडा म्हणजे नॅनोमीटरमधली तरंगलांबी, अनुक्रमे गंधक, हायड्रोजन, ऑक्सिजन. उघडल्यावर काळं दिसेल, स्ट्रेच करा, कॉस्मिक किरणांचे, म्हणजे अंतराळातून येऊन सेन्सरवर आदळणाऱ्या कणांचे, पांढरे ओरखडे दिसतील, त्याच भागाच्या वेगवेगळ्या एक्स्पोजरची सरासरी काढली की ते जातील. कडेला जिन्यासारखी खाच दिसेल ती कुणी कापलेली नाही, त्या कॅमेऱ्यातल्या चार सेन्सरपैकी एक जास्त झूम करणारा होता, त्याची चौकट छोटी पडते म्हणून ती खाच. मग तिन्ही फाइलना लाल, हिरवा, निळा द्या, आणि ते जमलं की हायड्रोजनला त्याचा स्वतःचा लाल देऊन परत जोडा आणि दोन्ही चित्रं शेजारी ठेवून गंधक कुठे आहे ते शोधून बघा.